निशिगंधा मॅडमची दहा मिनिटं

सोमवार, ५ जानेवारी २०२६. सकाळी १०.४०
संस्थेच्या ऑफिसात निमंत्रणपत्रिका तिसऱ्यांदा तपासत होतो, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांनी बोलावलं. १७ तारखेला शिक्षक मेळावा. एका शिक्षकाला स्वतःच्या वर्गातला नवा प्रयोग सांगायला उभं करायचं. दहा मिनिटं. चांगलं बोलला, तर तो प्रयोग वीस शाळांत नेणारा गट त्याच्याकडे. "गोरक्ष, शोध एखादा नेता," म्हणाले. बारावी नापासावर एवढा विश्वास!
संकल्प: आपण मागे. शिक्षक पुढे.

बुधवार, ७ जानेवारी
सापडल्या. चाकणजवळच्या शाळेतल्या निशिगंधा मॅडम. पोरांचे आईबाप कंपनीत. शिफ्ट बदलली की वर्गातलं कुणीतरी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहतं. म्हणून कंपनीत शिफ्ट बदलताना करतात तसा हँडओव्हर मॅडमनी वर्गातच सुरू केलाय. शाळा सुटताना एक पोरगं उभं राहून सांगतं: काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं. गैरहजर पोराला तेच सकाळी सांगायचं. आज पुनम म्हणाली, "भागाकार झाला. पाढे राहिले. मॅडम पण एकदा अडल्या." सगळ्यात जास्त मॅडमच हसल्या.
मी म्हटलं, हे सगळ्यांना कळायला हवं. तर म्हणाल्या, "पोरांपुढे कितीही बोलेन हो भाऊ, मोठ्या माणसांपुढे पाय लटपटतात." अर्धा तास धीर दिला. तयार झाल्या. ही कला माझ्यात आहे.

सोमवार, १२ जानेवारी
मॅडमचं भाषण नीट करून पाठवलं. 'पोरं'चे 'विद्यार्थी' केले, 'कुठे अडलं'चे 'अध्ययनातील अडथळे'. एकही चूक नाही. त्यांचा फोन: "भाऊ, यात माझाच वर्ग मला ओळखू येईना. माझं मीच बोलते."
घाबरल्यात बिचाऱ्या. प्रास्ताविक मी करणार, म्हणजे त्यांना आधार. दोनच मिनिटं.

शनिवार, १७ जानेवारी. संध्याकाळी ६
रावेतचा हॉल. भरलेला.
दोन मिनिटंच बोलणार होतो. पण लोक ऐकत होते. माझं आजवर कुणी असं ऐकलेलं नाही. म्हणून हँडओव्हर थोडक्यात सांगितला. मग पुनमचा किस्सा. हशा. मग आणखी एक. मॅडम बाजूला उभ्या होत्या, हातात कागद नव्हता. पाठ केलं असावं. मी थांबलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.
मॅडमना आभार मानायला दिले. तेही व्यासपीठच. माईकवाल्याचंही नाव घेतलं त्यांनी. पाय लटपटत नव्हते. मी पाहिले.
दादासाहेबांनी पाठीवर थाप मारली. "लेका, गट तूच सांभाळ!" मी हो म्हणालो नाही. फक्त नाही म्हणालो नाही.

रविवार, १८ जानेवारी
मॅडमना फोन करणार होतो. सुट्टीच्या दिवशी शिक्षकांना त्रास देऊ नये.
जेवण गेलं नाही. हॉलमधली भाजी तेलकट होती.

सोमवार, १९ जानेवारी. संध्याकाळी ७
शाल-नारळ घेऊन शाळेत गेलो. मॅडम म्हणाल्या, "बसा मागच्या बाकावर." शाळा सुटताना पुनमने विचारलं, "मॅडम, शनिवारचा हँडओव्हर?"
मॅडम उठल्या. "मेळावा झाला. माझं बोलणं राहिलं. कुठे अडलं, ते भाऊ सांगतील."
उभा राहिलो. पाय लटपटले. म्हणालो, वेळ कमी पडला.
"कुणी वापरला?" पुनम.
वर्गात कुणी हसलं नाही. मी म्हणालो, मी.
पुनम म्हणाली, "मग उद्या कुणाला सांगायचं?" या वर्गात राहिलेलं काम असं सोडत नाहीत.
बाहेर येऊन दादासाहेबांना फोन लावला. उचलला नाही. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पुन्हा लावला. बिझी. लावतोय.

खर्च: शाल ३५०, नारळ ४०, रिक्षा १२०. एकूण ५१०. शाल मॅडमनी घेतली नाही, दुकानदार परत घेत नाही.
देणं: वीस शाळा. दहा मिनिटं.