आडवा काटा

आई, तू माझ्याकडून घेतलेली शपथ मी मोडली. चारचौघांत मोडली, शुद्धीवर राहून मोडली, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझ्याशी भांडायचं तर कागदावरच भांडावं लागतं. म्हणून लिहायला बसले आहे. तू मधे बोलायला नाहीस, तेव्हा सगळं माझ्याच बाजूनं लिहिणार.

कोल्हारजवळ प्रवरेच्या काठाला ऊसतोडीच्या टोळीत आपली पाचटाची कोपी होती तो हंगाम आठव. मी दहा-अकरा वर्षांची असेन. दादांच्या पायावर कोयता बसला आणि ते अंथरुणाला खिळले. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचे, तसे दादा आणि तू. तू एकटी राहिलीस तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम फडात उभं करत नव्हता. चौथ्या दिवशी पिठाचा डबा पालथा झाला. टोळीतल्या बायकांनी एक-दोनदा भाकरी दिली, पण त्यांचंही मोजकंच होतं. त्या दुपारी तू उठलीस, रस्त्याच्या कडेची घायपाताची दोन पानं कापून आणलीस आणि दगडावर ठेवून ठेचायला लागलीस. मी शेजारी उकिडवी बसले आहे. तू कोयत्याच्या पाठीनं हिरवा गर खरवडतेस, आतले पांढरे धागे नदीत धुतेस आणि लुगडं गुडघ्याच्या वर सारून मांडीवर वळायला घेतेस. घायपाताच्या रसानं तुझे हात कोपरापर्यंत लाल झालेत, खाजताहेत, पण तू खाजवत नाहीस. दोन पदर वेगवेगळे एका बाजूला पिळायचे, मग एकत्र धरून उलट्या बाजूला सोडायचे. दोर आपोआप बसतो. मला ते तेव्हा जादूसारखं वाटलं होतं.

मग तू बाभळीचा जुना, पांढरा पडलेला काटा निवडलास. हिरवा काटा वाकतो, म्हणालीस. बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडून दोन्ही टोकं दगडावर घासून धारदार केलीस, मधोमध खाच पाडलीस आणि त्या खाचेत दोर बांधलास. मी म्हटलं, "ह्याला तर आकडाच न्हाई. मासा अडकंल कसा?" तू गांडूळ त्या काट्यावर लांबलचक चढवलंस, काटा दोराला समांतर धरलास आणि म्हणालीस, "उभा जातो आत. मंग दोर ताणला की आडवा हुतो. आडवा झाला की सुटत न्हाई." उसाच्या तुऱ्याची हलकी कांडी वर तरंगायला, खाली बांधलेला खडा, आणि दोराचं टोक तुझ्या बोटाला. कांडी हलली तशी मी तुझा हात ओढला. तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. "ओढू नगं. गिळू दे त्याला. घाई क्येली की जातंय." त्या संध्याकाळी आपल्या चुलीवर मरळ शिजली. दादांनी कोपीच्या भिंतीला टेकून खाल्ली, आणि पायाला लागल्यापासून पहिल्यांदा हसले. पुढचे दहा-बारा दिवस आपण त्या काट्यावर जगलो. जगलो म्हणजे खरंच जगलो, दुसरं काही नव्हतं.

आणि याच गोष्टीची तुला लाज वाटली. ती मला आजही कळत नाही. नगरच्या वसतिगृहात मी होते तेव्हा मैत्रिणींना गंमत म्हणून मी काटा घासून दाखवला, कोपीतल्या गोष्टी सांगितल्या. तू भेटायला आलीस त्याच दिवशी एका मुलीनं तुला विचारलं, "मावशी, तुम्हीच का मासे धरायच्या?" तू तिच्याशी गोड बोललीस. मग मला फाटकाबाहेर नेलंस आणि कानाखाली वाजवलीस. तुझ्या हातचा तेवढाच मार मला आठवतो. रडणं थांबल्यावर समोरच्या दुकानातून चंदनाचा साबण घेतलास, नळावर माझे हात स्वतः धुतलेस, दोनदा, आणि तेच ओले हात तुझ्या गळ्यावर ठेवून म्हणालीस, "म्हन, परत दोर वळनार न्हाई. आन् कोपीचं नाव काडनार न्हाई." मी म्हटलं. माझ्या हातांना मुळात कसलाच वास येत नव्हता, आई. वास तुझ्या मनात होता.

पुढं सोनईचं स्थळ आलं. ओलिताखालची जमीन, दारात ट्रॅक्टर. सासूबाईंनी विचारलं, तुम्ही काय करता, तर तू मान खाली न घालता म्हणालीस, "आमी कारखान्यावर असतो." खोटं नव्हतं ते. त्यांनी नोकरी समजून घेतलं आणि तू समजू दिलंस. आपल्या गावातली अर्धी घरं कारखान्यावरच असायची, त्यामुळं चौकशीतही तेच कळलं. ह्यांना मी वर्षभरानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला काही नाही त्याचं. आईला तेवढं सांगू नको." मग मी कुणालाच सांगितलं नाही. शाळेत शिक्षिका झाले, पोरं झाली, तू गेलीस, आणि मी बावीस वर्षं कारखान्यावरच्या बापाची लेक होऊन राहिले.

मागच्या हिवाळ्यात मुळा धरणाच्या फुगवट्यावर आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. रानात अडकलात तर कसं जगायचं, असा विषय. पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आला होता, खिशाखिशांची पँट, गळ्यात शिट्टी. पोरगा चांगला होता, उगाच नावं ठेवत नाही. त्यानं आम्हा चाळीस जणांना पाण्याच्या काठाला बसवलं आणि निसर्गातल्या वस्तूंपासून गळ कसा करायचा ते दाखवायला घेतलं. त्याच्याकडं वळलेला दोर होता, त्यावर त्यानं बाभळीचा काटा फांदीच्या तुकड्यासकट आकड्यासारखा बांधला. काटा हिरवा होता. मासा लागला, पोरानं हिसका दिला, काटा वाकून मोकळा बाहेर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो हसून म्हणाला, "असं होतं कधी कधी. पण आपण हे विसरूनच गेलोय ना. आदिम माणसाचं ज्ञान आहे हे."

आदिम माणसाचं. मी ते ऐकलं आणि उठले. कुणी बोलावलं नव्हतं. जवळच्या बाभळीखाली जुना काटा शोधला, दोन्ही टोकं घासली, खाच पाडली. बोटांना सगळं पाठ होतं, मलाच आश्चर्य वाटलं. दोर त्याचाच घेतला, पण तो उकलत होता म्हणून मांडीवर पुन्हा वळला, साडीवर, सगळ्या शिक्षकांसमोर. कुणीतरी मोबाईल धरला होता, ते मी पाहिलं. गांडूळ चढवलं, तरंगायला कांडी बांधली आणि दोर पाण्यात सोडला. पहिल्यांदा कांडी हलली तेव्हा तो पोरगा म्हणाला, "मॅडम, ओढा, ओढा." मी म्हटलं, "गिळू दे." मग दोर अलगद ताणला आणि तळहाताएवढी चिलापी काठावर आली.

"हा कुठला कोर्स केलाय मॅडम तुम्ही?" त्यानं विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

"कोर्स नाही," मी म्हटलं. "माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. वडिलांचा पाय कापला तेव्हा घरात पीठ नव्हतं. आईनं असे मासे धरून आम्हाला जगवलं. आदिम माणूस नव्हती ती, तेव्हा तिशीची पण नव्हती."

आमचे मुख्याध्यापक चप्पल घालायच्या निमित्तानं खाली वाकले. मी घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ सासूबाईंपर्यंत पोचला होता. त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"तुजी आई म्हनली हुती, आमी कारखान्यावर असतो."

"खरं होतं ते."

"आमाला वाटलं नोकरी हाय."

"तुम्ही विचारलं नाहीत, कसल्या कामाला."

इतक्या वर्षांत त्यांना असं उत्तर मी दिलं नव्हतं. ह्यांनी मला आत बोलावलं, मी गेले नाही. माफी मागितली नाही. नऊ दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, मीही स्वतःहून बोलले नाही. चहा नेऊन ठेवायचे, त्या प्यायच्या. दहाव्या दिवशी मी भाजी निवडत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "तोडीला जाताना तुला कुठं ठेवायची ती?" मी सांगितलं, फडाच्या कडेला, उसाच्या तोडलेल्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगाच्या सावलीत. "आमच्या मळ्यात दरसाल टोळ्या यायच्या," त्या म्हणाल्या. "पोरं बांधावर बसल्याली असायची. मी कदी इचारलं न्हाई, जेवली का म्हनून." एवढंच. पुन्हा तो विषय आमच्यात निघालेला नाही, पण त्या बोलायला लागल्या.

आता मी शनिवारी शाळेतल्या मुलींना दोर वळायला शिकवते. एका पालकानं तक्रार केली, पोरींना हे कशाला म्हणून. मी त्यांना वर्गात बसवून शेवटपर्यंत दाखवलं, मग विचारलं, यात वाईट काय आहे ते सांगा. मुलींना मी तुझ्याबद्दल सांगते, कोपीसकट, कोयत्यासकट. तुला पटणार नाही. तू म्हणशील, इतक्या कष्टानं झाकलं आणि पोरीनं उघडं केलं. पण तू ज्याला झाकत होतीस त्यावर मी वाढले आहे, आई. ते चोरीचं नव्हतं. ते मी चोरल्यासारखं लपवणार नाही, तू सांगितलंस तरी नाही.

हे पत्र घडी घालून मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवणार आहे. एक मात्र लिहून टाकते, कारण ते मी कुणापाशीच बोललेले नाही. तू हयात असतीस, तर त्या दिवशी धरणाच्या काठाला मी उठले नसते. त्या पोराचा काटा तिसऱ्यांदा वाकलेला पाहिला असता, आणि सगळ्यांबरोबर टाळी वाजवली असती.