माणशी दोन हंडे

महाळुंगे,
रविवार, २२ मार्च २०२६

प्रिय विजयश्री,

तू आणि आई बऱ्या असाल. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. मी मजेत. कंपनीत मार्चअखेरची घाई, ओव्हरटाइम रोजचाच. मुक्त विद्यापीठाचं अर्थशास्त्राचं पुस्तक डब्यासोबत नेतो. सध्याचा धडा सामाईक वस्तूंवर आहे: कुरण, तळं, विहीर. वापरणाऱ्यांनी नियम आपणच बनवले आणि एकमेकांवर लक्ष ठेवलं, तर तळं टिकतं म्हणे. लिहिणारा आपल्या चाळीत येऊन तुला भेटून गेला की काय!

एका टाकीवरून किती डोकी फुटायची. तूच सगळ्यांना बसवून ठरवलंस: माणशी दोन हंडे, आणि घरात माणसं किती, ते दर गुढीपाडव्याला ज्याने त्याने नळापाशी तोंडाने सांगायचं. चारचौघांत खोटं बोलायला माणूस लाजतो, म्हणायचीस.

मी नाही लाजलो. तू दिवाळीत माहेरी गेलीस, तरी तुझे हंडे भरतच राहिलो. एकट्याला संपत नाही गं पाणी. ओटा दोनदा धुतो. कोणी विचारलं की सांगायचं, सासूबाईंना बरं नाही, येईल. त्या कधीच हिंडूफिरू लागल्यात, हे शेजारच्या सायलीला तूच फोनवर सांगितलंस. म्हणजे चाळीला माहीत होतं. कोणी बोललं नाही इतकंच.

यंदा टाकी अर्धीच भरते. त्यात सायलीला बाळ झालंय. पाडव्याला माझी पाळी आली. सायली खाली बघत होती. घरमालकीण सुमनताई म्हणाल्या, "बोल रं बाबा. आमी काय म्हणणार न्हाई."

तेच लागलं. कोणी भांडलं असतं तर "दोन" म्हणून मोकळा झालो असतो.

"एक," म्हणालो.

तुझे हंडे बाळाकडे गेले. दोरीवर त्याचे लंगोट दिसतात, बरं वाटतं. खोलीत येऊन मात्र रडलो, विजू. जाताना तू म्हणालीस, "या खोलीत मी एकटीच राहते." तेव्हा राग आला होता. आता इथे मी राहतो, आणि तू खरं बोललीस हे कळतं.

सुमनताई म्हणतात, ती आली तर पाडव्याची वाट कशाला, लगेच मोजू. पण नियम तुझाच आहे. तुझी मोजणी तू येऊन करायचीस. तुझ्या वतीने मी आता बोलणार नाही.

अजून तरी तुझा,
धनेश