ओटीचा नारळ

माय, मी काही लिहिणारी बाई नाही. चौथीतून तूच मले शाळेतून काढलं, म्हणून अक्षर वाकडं आलं त तुहंच समज. पण एक गोष्ट मले घरात कोणालेच सांगता येऊन नाही राह्यली. तू आता फोटोतली, तुले सांगतली त तू मधात बोलणार नाही, एवढा फायदा हाये.

तुह्या जावयाच्या कृषी केंद्रातून औंदा बियाणं-खत लय खपलं, म्हणून कंपनीनं दुकानदारायले जोडीजोडीनं जहाजावर फिराले नेलं. गावातल्या बाया म्हणे, नशीब काढलं हिनं. कायचं नशीब माय! खोली आपल्या न्हाणीएवढी, तिले खिडकी नाही. पासपोर्ट जमा करून घेतलेले. गळ्यात एक कार्ड, ते दाखवल्याबिगर ताटात भात पडत नाही. फोन लागत नाही. जिकडं पाहाव तिकडं पाणी आन उतराची सोय नाही. मी ह्यायले म्हटलं, "गोठ्यातल्या म्हशीलेबी दिवसातून एकदा सोडते हो." हे म्हणाले, "लोकं पदरचे पैसे भरून येतात. तुले फुकटात भेटलं त कदर नाही."

मंग एका दिवशी एका बेटावर उतरवलं. मले वाटलं, चला, पायाले माती त लागंन. उतरलो नाही तोच पाऊस, असा की मागचं जहाजबी दिसेना. फिरवणाऱ्या पोट्ट्यानं आमाले एका टिनाच्या शेडखाली बसवलं आन सांगतलं, बस येईपर्यंत कुठी हलू नका. वाशीमचे, अकोल्याचे, समदे दुकानदार आन आमी बाया, अंगावर प्लास्टिकचे कोट घालून, ओळीनं बसलो. मानोऱ्याच्या एका वहिनीनं चिवड्याचा डबा काढला. तिचा नवरा म्हणाला, "हा पाऊस आपल्या सोयाबीनवर पडाले पाह्यजे होता." ती म्हणाली, "पडला असता त सडलं असतं, मंग तुमची सहल कायची? खा गुपचूप." समदे हासले. मी नाही हासली. मी समोर पाहून राह्यली होती. शेडच्या चहूबाजूनं नारळाची झाडं, आन खाली पडलेले नारळ पाण्यात इकडून तिकडं लोळून राह्यले होते. कोणी उचलाले तयार नाही. उचलाव म्हटलं, पण माहा हात पुढं जाईना.

काहून ते तुले माहीत हाये. माह्या लग्नाले तवा वर्षबी झालं नव्हतं. पाठीवर वळ घेऊन मी सासरहून, आसेगावहून, पायीपायी तुह्या दारात आली. तू पाठ पाह्यली, हळद-तेल लावलं, भाकर वाढली, एक शब्द इचारला नाही. मले वाटलं, सुटली मी, राह्यली आता इथंच. अन सकाळी उठून पाहतो त तू ताट काढून ठेवलेलं, कुंकू, खण, गहू. लेक ओटी भरल्याबिगर सासरी जात नाही, आन नारळाबिगर ओटी भरत नाही, एवढं मले समजत होतं. तू पोहरादेवीहून आणलेला नारळ कोनाड्यात होता. तो मी उचलला आन पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात पार खांद्यापर्यंत हात घालून खुपसला. नारळ नाही त ओटी नाही, ओटी नाही त यष्टी नाही, एवढीच माही अक्कल. तू कोनाडे पाह्यले, चुलीमागं पाह्यलं. "नारळ कुठी गेला वं?" "मले काय माहीत." तू माह्या डोक्याकडं पाह्यलं. केसाले कापूस लागलेला होता, हे मले यष्टीत बसल्यावर समजलं. तू शेजारी गेली, तिचा नारळ मागून आणला. "पदर धर," म्हणाली. मी धरला नाही, त तूच ओढून धरला आन भरला.

हे मनात चालू असतानाच फोन वाजला. झालं असं, शेडमधी एक म्हातारी शहाळे इकून राह्यली होती. जो शहाळं घेईन त्याले वायफाय. ह्यायनं दोन घेतले, तिनं माह्या फोनात आकडे दाबले, आन लागल्याबरोबर पोरीचा फोन. तिले आमी अकोल्याले देली हाये. नवरा अंगावर हात टाकते, हे तिनं दिवाळीतच सांगतलं होतं. ह्यायनं जावयाले समजावलं होतं, जावयानं मान हलवली होती.

"आई, मी निघून आली. वाशीमच्या स्टँडवर हाये. घरी जाऊ का?"

तिच्या मागं कोणत्या गावची गाडी लागली ते ओरडून राह्यले होते. हे माह्या कानाशी आले. "तिले सांग, आमी आल्यावर पाहू. आज वापस जाय म्हणा."

"वापस कुठी जाईन ती?"

"तिच्या घरी."

तिकडून तो पोट्टा, चला चला, जहाज कोणासाठी थांबत नाही. जहाजावर चढलं की फोन बंद, मंग आपला किनारा येईपर्यंत काहीच नाही. आवाज तुटाले लागला. "आई? ऐकू येते का?"

मी उठून पावसात गेली. म्हटलं, "किल्ली शेजारच्या काकूजवळ हाये. पिठाचा डबा भरेल हाये, लोणचं वरच्या फळीवर हाये. आतून कडी लाव. आमी येईपर्यंत कोणीबी आलं त उघडू नको."

"आन बाबा?"

"बाबाले मी पाहतो." तेवढ्यात फोन कटला. तिनं ऐकलं की नाही, काय मालूम.

मंग त्या बिनखिडकीच्या खोलीत मी अन हे. हे भिंतीकडं तोंड करून झोपले, मी छताकडं पाहून राह्यली. पोरगी घरी गेली का वापस गेली, का तिथंच बाकड्यावर बसून राह्यली, कोणाले इचारू? जहाजावरून उतरल्यावर फोन लावला त तिचा बंद. घरी आलो त दाराले आतून कडी. मी इतकं ठोकलं की काकू धावत आली. पोरीनं दार उघडलं. हाताले कणीक होती.

आता ती घरीच हाये. जावई एकदा येऊन ओसरीवर बसून गेला. बाया इचारतात, "पोरगी केव्हा जाते वं?" मी म्हणतो, "तुह्या घरचं खाते काय?" बोलाले मी कमी नाही. पण हे ताट घेऊन ओसरीवर जेवतात, पोरगी मुक्यावानी घरात फिरते, आन मले, खोटं कायले बोलू, मले कवाकवा तिचाच राग येते. परवा बाजारात गेली आन येताना एक नारळ घेऊन आली. पोरगी म्हणाली, "नारळ कायले, आई?" मी म्हटलं, "चटणीले." आपल्या घरी चटणी शेंगदाण्याची होते, तिलेबी माहीत हाये. मी तो फळीवर ठेवला. ताट काढलं नाही, पण फोडलाबी नाही.

त्या दिवशी शेजारणीचं घर चार पावलावर होतं, माय. तरी नारळ घेऊन याले तू लय उशीर लावला. मी दारात उभी होती. कुठी थांबली होती तू एवढा वेळ?

आज सकाळी फळीवर नारळ नव्हता. पोरगी भाकरी करून राह्यली होती, मान वर केली नाही तिनं. पिठाच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. मी ते पाह्यलं आन तशीच बाहेर येऊन हे लिहाले बसली. आता हा कागद त्याच डब्याखाली सारून देईन, पण डबा उघडणार नाही, आन काकूच्या घरीबी नारळ मागाले जाणार नाही. तिनं लपवला म्हणून माहं निभलं, माय. माह्यानं तो फोडणं होत नव्हतं.