हिरवी पट्टी भरली की कार्ड रिकामं

१० नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. समीक्षाला तर नाहीच. बायकोला नवऱ्याचे विचार कळले की ती त्यावर विचार करायला लागते.

नोकरी सोडून तीन महिने झाले. (मीच सोडली. त्यांनी फक्त घाई केली.) आता स्वतःचं सॉफ्टवेअर: 'झरझर'. कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, बटण दाबायचं, सगळे फोटो आपोआप आत. किती झाले ते दाखवायला खाली एक हिरवी पट्टी. पहिलं गिऱ्हाईक पक्कं: मोहसीन. शाळेतला मित्र, पनवेलात फोटो स्टुडिओ. आसपासच्या गावांतल्या निम्म्या हळदी त्याच्याच कॅमेऱ्यात.

आणि २९ तारखेला सासुरवाडीला, नेऱ्याला, हळद आहे माझ्याच मेव्हणीची, मनस्वीची. 'झरझर' त्या दिवशी मैदानात उतरणार. सासऱ्यांच्या देखत.

सासरे म्हणजे जगन पाटील. माझ्याशी आजवर बोललेली वाक्यं बोटांवर मोजता येतील, त्यातली दोन 'गाडी बाजूला घे' अशी. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांची पाठ आहे. समीक्षा म्हणते, बाबांना कॅमेरा आवडत नाही. कॅमेरा बिचारा निमित्त आहे. असो. ते बदलेल.

काम नव्वद टक्के झालंय.

१२ नोव्हेंबर
मोहसीनकडे पहिली चाचणी. बटण दाबलं आणि खिडकी पांढरीफटक. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. पट्टी जागची हलेना. पाच-सात मिनिटांनी एकदम शंभर टक्के, जणू काही झालंच नाही.

फोटो मात्र सगळे आले. मोहसीन खूश. म्हणाला, फोटो आले ना यार, मग पट्टी गेली जहन्नुममध्ये. काय बोलणार. गिऱ्हाईक पट्टी बघतं. पट्टी हलली नाही तर विश्वास कशावर ठेवायचा?

१५ नोव्हेंबर
कारण सापडलं. खिडकी सांभाळणारा आणि फोटो कॉपी करणारा थ्रेड एकच होता. म्हणजे पंगतीत वाढणारा आणि मागे भात शिजवणारा माणूस एकच. तो चुलीपाशी गेला की पंगत ताटकळते.

उपाय सोपा. कॉपीसाठी मागे वेगळा थ्रेड. केला. पट्टी एकदा हलली आणि सगळा प्रोग्रॅम कोसळला. म्हणे मागच्या थ्रेडने खिडकीतल्या वस्तूला हात लावायचा नाही. आचाऱ्याने पळी घेऊन थेट पंगतीत घुसायचं नाही. वाढप्याला निरोप द्यायचा, तो वाढेल. निरोप द्यायला एक ओळ लिहावी लागते. इंटरनेटवर कुणीकुणी ती देऊनही ठेवली आहे.

माझी पट्टी, माझा थ्रेड, आणि मी परवानगी मागायची? ही तक्रार बंद करायची एक सोय असते. ती वापरली. तक्रार बंद. लोकांचं ऐकत बसलो असतो तर अजून कंपनीत असतो.

१८ नोव्हेंबर
पट्टी हलते. पण शंभरला जाऊन चाळीसवर परत येते. मध्येच खिडकी गायब. मोहसीनचा कॉम्प्युटर जुना आहे. वीजही खालीवर होते.

पट्टीकडे एकाग्र लक्ष देता यावं म्हणून फोटो कॉपी करण्याची ओळ तात्पुरती बंद केली. पट्टी आता घड्याळावर चालते: इतक्या सेकंदांत इतकी भरायची. लक्षात ठेवणे: ती ओळ परत चालू करणे.

२१ नोव्हेंबर
जमलं! पट्टी अशी सरकते की बघत राहावं. मी तासभर बघत होतो. समीक्षा शाळेतून आली, पाच मिनिटं माझ्या मागे उभी राहिली आणि विचारलं, छान आहे, पण आत भरतंय काय? ती भूगोल शिकवते.

मोहसीनची एक अट आहे. सीझनमध्ये कार्डं कमी, कामं फार. हळदीचं कार्ड रिकामं करून लग्नाला तेच लावतो. पण रिकामं करण्याआधी प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर उघडून डोळ्यांनी बघतो. त्याचे अब्बाही असंच करायचे, रोलच्या जमान्यात एकेक निगेटिव्ह उजेडाला धरून. म्हणतो, लोकांची अमानत आहे, तसल्ली झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

भावना चांगली. वेळेचा अपव्यय भयंकर. मी सुधारणा केली: पट्टी शंभरला पोचली की कार्ड आपोआप साफ. मोहसीनला सरप्राईज.

२५ नोव्हेंबर
नेऱ्याला गेलो. मांडव चढतोय. सासऱ्यांनी सगळ्या भावकीला बसवून फर्मान काढलं, मांडवात कोनी मोबाईल काडायचा नाय, जो काडल तो भाईर. येक मोसीन हाय, बास झाला. व्हिडिओ बी नको.

मग माझ्याकडे वळले. स्वतःहून! म्हणाले, तुजा यंत्र बराबर चालतं ना? मी म्हणालो, शंभर टक्के. ते म्हणाले, माजा शेंडेफल हाय ती. फोटू जपून ठेव.

छाती भरून आली. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही सोपवलं. परत येताना गाडीत डोळे पुसले. समीक्षाला म्हणालो, धूळ.

एक कसली तरी ओळ बदलायची होती. मागची पानं चाळायला हवीत. पण मागे बघत बसणारा माणूस पुढे जात नाही.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
हळद रंगात. गावातली सोनाबाई धवले, म्हणजे हळदीची गाणी, म्हणतेय, मनस्वी पिवळीधम्मक, बेंजोवाल्यांनी ताल धरलाय. मोबाईल नाही म्हणून लोक एकमेकांकडे बघताहेत, गंमत वाटते.

लॅपटॉप घेऊन मांडवाच्या मधोमध डेमो दिला. कार्ड मोहसीनच्या कॅमेऱ्यात होतं, पण अडलं नाही. कार्ड न घालताच पट्टी काय सुंदर भरली! लोक थक्क. भावकीतल्या दीनानाथकाकांनी तर पुन्हा भरून दाखवायला लावली. समीक्षाने लांबून हात हलवला, कौतुकाने असावा. नंतर म्हणाली, बाजूला हो असं सांगत होते.

कारण माझ्या लॅपटॉपच्या पलीकडेच सासरे नाचत होते. जगन पाटील! टॉवेल गरगर फिरवत, हसत, डोळ्यांतून पाणी. समीक्षा म्हणाली, बाबांना असं जन्मात पाहिलं नव्हतं. मी डेमोत होतो, हुकलं. हरकत नाही, मोहसीनने टिपलंय.

त्याच रात्री, जेवणं उरकल्यावर
मोहसीनने कार्ड दिलं. कॅमेरा उतरवून तो सकाळपासून पहिल्यांदा बसला होता. पट्टी झरझर भरली. कार्ड साफ. त्याने विचारलं, बघितलंस ना? मी म्हणालो, बघितलं. पट्टी बघितलीच होती. कार्ड त्याच्या बॅगेत टाकलं.

३० नोव्हेंबर, सकाळी ९
मांडवात स्लाइड शो लावावा म्हणून लॅपटॉप उघडला. फोल्डर रिकामं. रिफ्रेश केलं. रिकामं. लॅपटॉप बंद करून चालू केला.

फोटो दुसरीकडे कुठे तरी गेले असणार. पट्टी पूर्ण भरली होती.

९.४०
मागची पानं वाचली. १८ तारीख.

१०.१५, मांडवामागे, आचाऱ्यांच्या शेजारी
घाबरायचं कारण नाही. साफ झालेलं कार्ड खरोखर साफ नसतं. जुने फोटो आत असतात, नवे त्यांच्यावर येऊन बसेपर्यंत. फक्त त्या कार्डावर पुढे काही काढायचं नाही.

तेच कार्ड आत्ता मोहसीनच्या कॅमेऱ्यात आहे. इथून फ्लॅश दिसतोय. एक फ्लॅश म्हणजे हळदीचा एक फोटो गेला.

त्याला थांबवायला हवं. म्हणजे मांडवात जायचं, सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोर. योग्य वेळ बघून सांगतो. वरात आली की लगेच.

११.३०
वरात आली. फार गर्दी. त्या गर्दीत अशी नाजूक गोष्ट सांगणं बरं दिसत नाही. मंगलाष्टकांनंतर.

१२.४०
मंगलाष्टकं झाली. आता घरचे लोक एकेक करून जोडप्याशेजारी उभे राहताहेत आणि मोहसीन थांबायलाच तयार नाही. मी तीनदा त्याच्या शेजारी गेलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, परेश, तूही ये ना फोटोत. गेलो. हसलो. तो फ्लॅश माझ्यावर पडला. हळदीतल्या कुणाच्या फोटोच्या जागी मी येऊन बसलो कुणास ठाऊक.

सासरे आज परत कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे आहेत. म्हणजे त्यांच्या चेहऱ्याचा कालचाच एक होता.

आचारी म्हणाला, साहेब, जेवून घ्या.

१ डिसेंबर
मोहसीनला सांगितलं. आधी वीज खालीवर होण्याबद्दल सांगितलं, मग थ्रेडबद्दल, मग ते.

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं, लग्नाचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवले, उघडून बघितले, एकेक, सगळे. मग कार्डातून पुसलेलं परत शोधणारा एक प्रोग्रॅम लावला. एवढंच म्हणाला, मला लग्नाच्या वेळी का नाही सांगितलंस? निम्मे तरी वाचले असते.

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच पटेना.

त्या प्रोग्रॅमची पट्टी करड्या रंगाची, ओबडधोबड. दोनवर आली आणि थांबली. चहा झाला. तीन. समीक्षाही शाळेतून थेट आली. ती पट्टी पुढे सरकावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा नवस बोललो.

संध्याकाळपर्यंत जे सापडलं ते असं: वरची पट्टी मांडवाची आणि खाली सगळं राखाडी. अर्धी मनस्वी. हळदीचे नुसते हात. समीक्षा रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो काढून खाली ठेवला.

मग अगदी शेवटी एक. अख्खा. सासरे नाचताहेत. टॉवेल हवेत, तोंड उघडं, हसणं असं की मलाही हसू आलं.

फोटोच्या मधोमध मात्र चौकड्याच्या शर्टातली एक रुंद पाठ. माझी. सासऱ्यांचा चेहरा माझ्या डाव्या कानाशेजारून कसाबसा निसटलाय. मी लॅपटॉप उंच धरलाय आणि पडद्यावर हिरवी पट्टी काठोकाठ भरलेली. मोहसीनने त्या पट्टीवर बोट ठेवलं. म्हणाला, हा फोटो मी काढतोय, म्हणजे कार्ड माझ्या हातात. आणि तुझ्याकडे शंभर टक्के.

३ डिसेंबर
नेऱ्याला गेलो. मोहसीन फोटोंच्या प्रिंट घेऊन बरोबर आला, माझी चूक होती असं एकदाही बोलला नाही. मीच बोललो. थ्रेड वगैरे काही नाही. म्हणालो, बाबा, फोटो गेले, माझ्यामुळे.

सासऱ्यांनी बाकीचे अर्धे फोटो एकेक करून बघितले आणि बाजूला ठेवले. तो एक हातात धरून अंगणात गेले, उजेडात. परत आले. विचारलं, ह्यो मदी कोन? समीक्षा म्हणाली, तुमचा जावई. ते म्हणाले, आरं देवा.

बस्स, एवढंच. जेवायला बसवलं. भात वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.

७ डिसेंबर
फ्रेम झाली. मोठी, हॉलमध्ये लावायची. मी फ्रेमवाल्याला हळूच म्हणालो होतो की मधला माणूस कापता येईल. सासऱ्यांनी ऐकलं. म्हणाले, त्याला काडला तं माजा हात जातंय. ऱ्हाव दे.

म्हणजे आमच्या अल्बममध्ये त्यांची पाठ आणि त्यांच्या हॉलमध्ये माझी. येणारा-जाणारा विचारणार.

आज खिळा ठोकला. सासरे शिडीवर, शिडी मी धरलेली. फ्रेम लावून त्यांनी वरूनच विचारलं, सरल हाय काय रं?

मी म्हणालो, शंभर टक्के.

समीक्षा दारातून म्हणाली, बाबा, डावीकडे झुकलीय.