विंगेतली कुजबूज

प्रिय बापू,

शाळेत पत्र लिहायला शिकवलं तेव्हा वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं असं सांगितलं होतं. पण तो शब्द लिहिला की पुढं 'मी इकडे खुशाल आहे' हेच येतं, आणि मी खुशाल नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ऐकता, आणि आई मधेच फोन घेऊन गावात कुणाकुणाची लग्नं जमली ते सांगत बसते. म्हणून कागद आणला. अक्षराला हसू नका. नववीनंतर मी हातात पेन धरलं ते आत्ताच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी दवाखान्यात कामाला आहे असं सांगितलं होतं, ते खोटं. मी चिक्कडपल्लीत एका घरी म्हाताऱ्या माणसाला सांभाळतो, आणि ते म्हातारे म्हणजे एकनाथराव. हो, तेच. नाटकवाले. जिवंत आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मला तुम्हाला विचारायचं आहे की तुम्ही त्यांना भेटायला याल का. राग आला तर पत्र आपल्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात घाला, पण शेवटपर्यंत वाचून घाला.

मी मुद्दाम शोधत गेलो नाही, आईशप्पथ. तुम्हाला माहीतच आहे, माझा पाय एका जागी टिकत नाही. कुकटपल्लीत पंख्याच्या कारखान्यात चार महिने, मग गाडीवरून जेवणाचे डबे पोचवले, मग गाड्या धुतल्या. तिथल्याच एकानं माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत नेलं. मालक म्हणाला, मराठी आती क्या रे तेरे कू? एक बुड्ढा है, तेलुगू बोले तो चिल्लाता, उर्दू बोले तो रोता, चार आदमी भाग गये. मी म्हणलं, आती. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत नुसतं आडनाव होतं. आत आलो तर भिंतभर फोटो, आणि एका फोटोखाली मराठीत लिहिलेलं, 'हळू बोला, महादबा! शंभरावा प्रयोग'. बापू, ज्या नावानं अख्खं गाव तुम्हाला हाक मारतं, ते नाव मी परक्या गावात, काचेच्या आत, हार घातलेलं बघितलं.

मला इतकंच माहीत होतं की लग्नाआधी तुम्ही कुठल्याशा नाटक कंपनीत होता, आणि त्या नाटकातला अडखळत बोलणारा महादबा तुमच्यावरून काढलाय. गणपतीत त्याची कॅसेट लागली की तुम्ही गिरणी सुरू करायचात, दळण नसलं तरी. बाकीचं मला इथं कळलं. त्यांची मुलगी रसिकाताई कंप्युटरच्या कंपनीत आहेत, राहतात कुकटपल्लीला, एक दिवसाआड येतात. त्यांनी मला भिंतीवरचे फोटो एकेक करून समजावले. आधी नुसते नट. राजा, सेनापती, दारू पिऊन बायकोला मारणारा गिरणी कामगार. आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर जागं व्हायचं. मग स्वतःच विनोदी नाटकं लिहायला लागले, एकामागून एक नऊ. औरंगाबाद, नांदेड, सोलापूर, पुणे, सगळीकडे लोक पोट धरून हसले. मग अचानक सगळं बंद. तोंडाला रंग लावला नाही, विनोदाची एक ओळ लिहिली नाही. इथं या घरात बसून कादंबऱ्या लिहिल्या, सात. बक्षिसंही मिळाली. मी ताईंना विचारलं, एवढा हसवणारा माणूस असा गप का झाला? त्या म्हणाल्या, तू आधी काही दिवस राहा.

राहिलो. रोज चारच्या सुमाराला ते खुर्चीतून उठतात. आतल्या खोलीच्या दाराला हिरवा पडदा आहे, त्याच्या बाजूला तीन पावलं सोडून उभे राहतात आणि बोलायला लागतात. सबंध नाटक. सकाळी मला तू कोण म्हणून विचारणारा माणूस, पण त्यातला एक शब्द चुकत नाही. मुलगी बघायच्या प्रवेशात मुलीचा बाप विचारतो, बोला जावईबापू, नाव काय आपलं? मग ते खांदे पाडतात आणि महादबा होतात. "माझं नाव…" म्हणतात आणि थांबतात. डावा कान पडद्याकडे करतात आणि उभेच राहतात. अर्धा तास, कधी तास. पंखा फिरतो, पडदा हलतो, आणि दर हलण्याला त्यांचा चेहरा उजळतो आणि विझतो. मला त्या पडद्याकडे पाठ करून बसवत नाही आता. तिथं कुणीतरी आहे असं मलाही वाटतं.

आणि तो आवाज. बापू, कॅसेटमध्ये तो नीट कळत नव्हता. इथं तीन हातांवरून ऐकला. 'म'पाशी अडतं तेव्हा तुम्ही डावा डोळा मिटता आणि कानाची पाळी ओढता, तसंच ते करतात. शब्द सुटायच्या आधी तुमच्या घशात जो बारीक आवाज येतो, आईशिवाय कुणाला माहीत नसेल, तोही येतो. पहिल्या दिवशी मी ताटली हातात घेऊन उभा होतो. वाटलं, तुम्ही उदगीरहून निघून इथं पोचलात आणि या माणसाच्या अंगात शिरून मला काहीतरी सांगताय. रागानं त्यांची मान धरावी असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्यांना चहा गारच दिला.

मग मी कुणाचा पोरगा ते ताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाटातून एक वही काढली. नाटकाची वही, अक्षर तुमचं. मी आपल्या गिरणीच्या पाटीवरचं तुमचं अक्षर ओळखतो, 'दळण' मधला 'ळ' तुम्ही बसकट काढता, तोच 'ळ'. ताई म्हणाल्या, नामदेवराव आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर होते, विंगेत उभं राहून नटांना विसरलेलं वाक्य पुरवायचे. मी हसलोच. म्हणलं, ताई, आमच्या बापूंना 'पाणी दे' म्हणायला येळ लागतो. त्या म्हणाल्या, कुजबुजताना ते कधीच अडले नाहीत, एकदासुद्धा नाही. बाबा म्हणायचे, माझी निम्मी नटगिरी नामदेवरावांच्या ओठात आहे. तेव्हा मला आठवलं, लहानपणी तुम्ही माझ्या कानात गोष्ट सांगायचात, राक्षसाची आणि सात विहिरींची, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत धो धो वाहायची. मला वाटायचं, ती गोष्ट सोपी असेल म्हणून.

ज्या प्रयोगापासून सगळं बिनसलं, त्या इथल्याच नामपल्लीच्या प्रयोगाचं ताईंनी सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, भांडी पुसत पुसत. त्या सात वर्षांच्या होत्या, पहिल्या रांगेत. प्रदर्शनाच्या मैदानात मांडव, हजारभर मराठी माणसं. तो प्रवेश आला. "माझं नाव…" म्हणून एकनाथराव थांबले, लोक हसले, आणि त्यांना आणखी हसवायचा मोह झाला. वहीत नसलेलं त्यांनी केलं. विंगेत गेले, तुमचा हात धरून तुम्हाला उजेडात आणलं आणि म्हणाले, घ्या, अस्सल माल, आता हेच सांगतील यांचं नाव. तुम्ही 'न'पाशी अडलात. लोकांना वाटलं हेही नाटकच. ताई म्हणाल्या, मी सगळ्यांत मोठ्यानं हसले रे ओमकार, मला वाटलं बाबांनी नवीन माणूस आणलाय. तुम्ही शेवटी वही त्यांच्या हातात दिली आणि मागच्या मागे निघून गेलात. पुढचं वाक्य त्यांना आठवलं नाही. वही हातात होती, पण वाचता येईना. पडदा पाडला. नंतर दोन गावांत प्रयत्न केला, नवा प्रॉम्प्टर ठेवला, चांगला खणखणीत. पण दोन्हीकडं "माझं नाव" इथंच पाय रुतले.

तुम्हाला त्यांनी पत्रं लिहिली होती म्हणे, तुम्ही उत्तर दिलं नाही. बरं केलंत. मीही दिलं नसतं. पण त्यांच्या कादंबऱ्या मी बोट लावून वाचतोय, दोन झाल्या. एक कोर्टातल्या कारकुनाची आहे, एक विधवा बाईची. दोन्हीत कुठंतरी एक माणूस दारात येऊन उभा राहतो, बोलत नाही, आणि गोष्टीतल्या कुणालाच कळत नाही तो कशाला आलाय. ताई म्हणाल्या, सातही पुस्तकांत तो आहे. पेपरवाल्यांनी विचारलं तर बाबा सांगायचे, तो मृत्यू आहे. घरी सांगायचे, तो चिडलेला नाही हीच माझी अडचण आहे.

आता मी काय केलं ते ऐका. गेल्या मंगळवारी मला ते ताटकळणं बघवेना. पडद्याआड गेलो, वही उघडली आणि वहीत होतं ते हळूच म्हणलं, महादबा. त्यांनी मान हलवली. नाही. मी म्हणलं, एकनाथ. तेही नाही, उलट घाबरले, जसं काही ते नाव भलत्याच कुणाचं आहे. मग माझ्या तोंडून निघून गेलं, नामदेव. बापू, ते वळले. पडद्यापाशी आले, पडदा बाजूला केला, माझ्याकडे बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा ते खरोखरच माझ्याकडे बघत होते. म्हणाले, नाव बरोबर आहे, पण आवाज त्यांचा नाही. त्यांना बोलवा, मी थांबतो.

तेव्हापासून थांबलेत. जेवायला बसत नाहीत, प्रयोग संपल्याशिवाय मी जेवत नसतो म्हणतात. चमच्यानं दोन घास पेज जाते, तीही फसवून. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, असंच चाललं तर पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. रसिकाताईंनी मला गॅलरीत नेऊन हात जोडले. म्हणाल्या, मला नामदेवरावांसमोर उभं राहायचं तोंड नाही, तू मुलगा आहेस, तू लिही. मी त्यांना म्हणलं, ताई, तुम्हाला वाटतं तेवढं मला तोंड नाही. त्यांना वाटलं मी लाजतोय.

बापू, तुम्ही सगळ्यांना सांगता की नववीत वर्गातल्या पोरांनी महादबाचा पोरगा म्हणून चिडवलं आणि ओमकारनं शाळा सोडली. मीच तसं सांगितलं होतं. ते खरं नाही. पोरं चिडवायची, आणि मला ते बंद करायचा उपाय सापडला होता. मधल्या सुट्टीत बाकावर उभा राहून मीच तुमची नक्कल करायचो. डोळा मिटून, कान ओढून, घशातल्या बारीक आवाजासकट. एकनाथरावांपेक्षा भारी करायचो. सगळा वर्ग माझा झाला होता. त्या दिवशी मी 'बाळा, ड-ड-डबा' असं करत होतो आणि पोरं एकदम गप झाली. मी दाराकडे बघितलं, दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर माझा डबा होता, विसरलेला, फडक्यात बांधलेला, अजून गरम. तुम्ही घरी काही बोलला नाहीत. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही आणि मग गावातही राहवेना. आठ वर्षं झाली. एकनाथरावांनी पत्रं तरी लिहिली, मी तीही लिहिली नाहीत. त्यांच्यासाठी यावंसं वाटत नसेल तर येऊ नका, मी ताईंना सांगेन की बापू येत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. पण मग माझ्यासाठी या. नामपल्लीच्या स्टेशनवर उतरायचं नसेल तर सिकंदराबादला उतरा, मी तुम्ही कळवाल त्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून प्रत्येक गाडीला येऊन उभा राहीन. तुम्हाला मला जे काय म्हणायचं असेल ते तिथं फलाटावरच म्हणा, कुजबुजून नाही, नेहमीच्या आवाजात, लोक बघत असले तरी. आपल्या घरात आम्ही सगळेच तुमचं वाक्य तुमच्या आधी पुरं करून टाकतो, मी तर लहानपणापासून. या वेळी नाही करणार. कितीही वेळ लागू दे, मी मधे शब्द घालणार नाही.

तुमचाच,
ओमकार