अंगावर जखम नाही

४ मार्च, मंगळवार

तीन वेळा! तीन वेळा रजेचा अर्ज फेटाळला. चौथ्यांदा माणूस न विचारता घरी गेला, तर तो ‘फरारी’, आणि त्याला धरून आणायला आम्ही लाल टोप्या, लष्करी पोलीस!

पलटणीतला आचारी. फरारी म्हणे! आईच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत उभा होता. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कुणी नाही. मला बघून पळाला नाही की रडला नाही. एवढंच म्हणाला, ‘साहेब, तिने सकाळपासून काही खाल्लं नाही.’

एक तास दिला. कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो. बेडी घातली होती, पण एका हाताने भाजी चिरता येत नाही. काढून खिशात टाकली. मग नुसतं उभं राहून काय करायचं, मीही बटाटे सोलायला बसलो. ड्रायव्हर दारात उभा राहून खिदळत होता. आचाऱ्याने मऊ भात केला, आईला भरवलं, भांडी घासली, शेजारणीला किल्ली दिली आणि आपणहून हात पुढे केले.

साडेचारला पलटणीच्या गार्डरूममध्ये त्याला ताब्यात दिलं. गार्ड कमांडर कोण, तर माझा मेहुणा! कैदी द्यायचा आणि पावती घ्यायची, हा नियम. कागद मी भरून दिला. हा म्हणतो, ‘शिक्का कपाटात आहे भाऊजी, किल्ली कारकुनाकडे. संध्याकाळी घरी आणून देतो. मी काय पळून जातोय?’ पाचला रंगरुटांचा वर्ग होता. निघालो.

रात्री घरी आलो तर मेहुणा येऊन, जेवून गेलेलासुद्धा. ‘घाईत होता,’ ही म्हणाली. पावतीचं विचारायचं राहून गेलं.

६ मार्च, गुरुवार

आचारी इस्पितळात. दोन बरगड्या मोडल्यात. डावा डोळा उघडत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली! कारण ऐका. तो नव्हता त्या दिवशी पलटणीच्या कमांडरसाहेबांकडे पाहुणे जेवायला होते, भात करपला, साहेबांची नाचक्की झाली. साहेबांनी सगळ्यांना झाडलं. मग काल सकाळी गार्डरूममधल्या चौघांनी मिळून त्याला ‘समज’ दिली. चौघे! एका आचाऱ्याला!

आणि मेहुणा लेखी देतो की कैदी आणला तेव्हाच असा होता. म्हणजे मी मारलं!

गेलो तडक. म्हटलं, पावती काढ. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘कसली पावती?’

त्याच्या लग्नात मी राबलोय. त्याला या नोकरीचा अर्ज मी भरून दिला, माझ्या पेनाने!

७ मार्च, शुक्रवार

हिला विचारलं, त्या दिवशी त्याने काही कागद दिला का? तर म्हणाली, ‘मला काय तुमच्या कागदांतलं कळतं?’ आणि परत कणीक मळायला लागली. मग एकदम उसळून म्हणाली, ‘माझा भाऊ असा नाही. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय.’

मी म्हटलं, आता तो दुसऱ्यांच्या अंगाखांद्यांशी खेळतो!

बोलायला नको होतं.

९ मार्च, रविवार

चूक माझी आहे. लिहितो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. पावतीशिवाय निघालो. दुसरा कुणी असता तर शिक्क्यासाठी तासभर तिथेच बसलो असतो. मेहुणा होता म्हणून निघालो.

सगळ्यात झोंबतं ते हे, की त्याच संध्याकाळी पाच वाजता मी रंगरुटांना आमच्या खात्याचा इतिहास शिकवत होतो! म्हटलं, आपण फक्त चौकात उभं राहून गाड्यांना हात दाखवणारे नाही. तेही करतो, तोफा पडत असताना करतो, म्हणून फौज पुढे जाते. वाट चुकलेल्यांना पलटणीत पोचवतो, युद्धकैदी सांभाळतो, चोऱ्या शोधतो. पण मूळ वेगळं आहे. जुन्या काळी आपल्या खात्याचा माणूस लूटमार करणाऱ्या शिपायाला जागेवर झाडाला टांगू शकत असे. साक्ष नाही, कागद नाही. पुढे कित्येक पिढ्यांनी तो दोर आपल्या हातातून काढून घेतला आणि हातात कागद दिला. कोण, कुठे, किती वाजता, अंगावर जखम आहे की नाही. शिपायाच्या जिवाला राखण म्हणून एवढा एक कागद. तो घेतल्याशिवाय हलायचं नाही!

काय सुंदर बोललो! एकाने वहीत उतरवूनसुद्धा घेतलं.

११ मार्च, मंगळवार

चौकशी सुरू. चौकशीचे मेजर आवाज चढवत नाहीत, त्याचाच राग येतो. ‘पकडल्याचं तुम्ही फोनवर कळवलंत दोन वाजता. रस्ता दीड तासाचा. पोचलात साडेचारला. मधला एक तास?’

गप्प बसलो. खरं सांगितलं तर कैद्याची बेडी काढल्याबद्दल बाहीवरच्या हुद्द्याच्या फिती जातात. नाही सांगितलं तर त्या तासात मी बरगड्या मोडल्या.

बाहेर आल्यावर आमच्याच साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. ‘लिहून टाक, कैद्याने चालत्या गाडीतून उडी मारली. तू सुटलास, तुझा मेहुणा सुटला, विषय मिटला.’

आणि आचारी? पळण्याचा प्रयत्न म्हणून वर सहा महिने! त्याचा विषय कोण मिटवणार? म्हटलं, विचार करतो. तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१२ मार्च, बुधवार

ड्रायव्हरची साक्ष झाली. त्या तासात तो गाडीत झोपला होता म्हणे. मेजर म्हणाले, तासभर? ‘मला पडल्या पडल्या झोप लागते साहेब.’

दारात उभा राहून बत्तीशी दाखवत होतास ना रे!

१४ मार्च, शुक्रवार

आचाऱ्याला खुर्चीत बसवून आणलं. छातीला पट्टे. मेजरनी विचारलं, कुणी मारलं?

एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘कुणी नाही साहेब. मी गाडीतून उडी मारली. वाटेत आम्ही कुठेही थांबलो नाही.’

मला वाचवत होता! त्या एका तासाची परतफेड करत होता मूर्ख माणूस! मेहुण्याने सुटकेचा निःश्वास टाकला तो मला ऐकू आला. आमचे साहेब तर हसलेच. मी फक्त गप्प बसायचं होतं.

उठून उभा राहिलो. सगळं सांगितलं. बेडी, बटाटे, मऊ भात, शेजारीण. तो धडधाकट होता, स्वतःच्या पायांनी गार्डरूममध्ये चालत गेला, हेही. मेजर म्हणाले, ‘कैदी म्हणतो थांबलो नाही. ड्रायव्हर म्हणतो झोपलो होतो. तुमच्याकडे पावती आहे?’

नाही.

‘मग तुमचं ऐकायचं कशावरून?’

आचारी रडायला लागला. बरगड्या मोडल्यावर रडतासुद्धा येत नाही नीट.

१५ मार्च, शनिवार

सोमवारी शेवटची बैठक. येताना फिती काढण्याच्या तयारीने ये, असा निरोप. तयारीने म्हणजे काय, ब्लेड घेऊन?

१६ मार्च, रविवार

मेहुणा आला. माझ्या घरी! हिने ताट वाढलं. मी माझं अर्धं ताट सोडून उठलो.

‘दोन लेकरं आहेत माझी, भाऊजी. तुमच्या फिती गेल्या तर पगार कमी होईल, माझी नोकरीच जाईल. आणि मी एकट्याने नाही मारलं.’

एकट्याने नाही मारलं! म्हणजे मारलं! हिच्यासमोर बोलला, हिच्या हातची भाजी खाताना. मी जे तोंडात आलं ते बोललो. शेजारी दारात आले. त्याची लेकरं काढली नाहीत, तेवढं एक सांभाळलं. म्हटलं, तुला लेकरं आहेत तशी त्या आचाऱ्याला आई आहे, अंथरुणावर!

तो गेला. ही त्याचं उष्टं ताट हातात धरून तशीच उभी. मग विचारलं, ‘त्या आईला आता कोण भरवतं?’

म्हटलं, मला काय माहीत. शेजारीण भरवत असेल. नाहीतर कुणीच नाही.

दहा दिवसांत आज पहिल्यांदा हिने आचाऱ्याबद्दल काही विचारलं. मीही धड उत्तर दिलं नाही. रागाच्या भरात मला माणसं दिसत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

दहा मिनिटांत निघायचंय. हिने शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. घातला, तर खिशात काहीतरी. घडी घातलेला कागद, घडीत पीठ. पिठाच्या डब्याखेरीज दुसरीकडे कुठे लागणार!

माझंच अक्षर. ‘एक कैदी मिळाला. प्रकृती ठीक. अंगावर जखम नाही.’ खाली शिक्का, चार मार्च, साडेचार, आणि मेहुण्याची सही.

वर बघितलं. ही पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती.

‘उशीर होतोय तुम्हाला,’ म्हणाली.