लाल दिवा

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. काळजी नको.

इथे वॉर्डात मी खाटेशेजारची यंत्रं बसवतो. जखमेतलं विष रक्तात भिनलंय का, ते एका थेंबात कळतं. बसवलेलं यंत्र मी स्वतःच्या रक्तावर तपासतो. परवा लाल दिवा लागला. जोडणी चुकली असेल म्हणून सगळं उघडून पुन्हा बसवलं, तरी लालच. नर्स म्हणाली, "मिस्त्री, यंत्राला ताप नाही, तुम्हाला आहे." पत्र्याने कापलेलं बोट मी मोजलंच नव्हतं.

आता त्याच यंत्राशेजारी पडून आहे. दिवा पिवळ्यावर आलाय, म्हणजे उतार आहे. जोडणी बिनचूक होती, हे भाऊजींना आवर्जून सांग.

त्यांच्या पायाची जखम भरली का? "काही नाही गं" म्हणाले तरी दवाखान्यात ने. मीही तेच म्हणत होतो.

तुझा,
धाकटा